मुलाच्या मोटारीची वाट किती दिवस पाहावी?

आपल्या समाजातील कोणाही वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून पाहावे, की गेल्या पाच वर्षांत आपण कोठे कोठे गेलात? उत्तरे बहुधा तीनच मिळतील. मुलाने किंवा जावयाने मोटारीतून नेले तेथे. समाजाच्या सहलीची बस गेली तेथे. आणि लग्नकार्य अथवा दुखवटा निघाला तेथे. ‘मला जावेसे वाटले, म्हणून मी गेले’ असे चौथे उत्तर सहसा ऐकू येत नाही. ते देण्याची ताकद आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या अंगी अद्याप आहे आणि साधनेही हाताशी आहेत. तरीही ते कोणी देत नाही, याचे मला वाईट वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्यांचे पाय आणि डोके ठीक चालते अशा प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तीनचार दिवसांचा प्रवास एकट्याने, आगगाडीने आणि बसने करावा. जेथे बस नीट पोहोचत नाही तेवढ्यापुरती एक दिवसाची सामुदायिक सहल घ्यावी. आणि मुलाबाळांनी अशा बेताला हातभार लावावा, आडवे येऊ नये. हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

ज्या प्रसंगाने हा विचार सुचला तो प्रथम सांगतो. बेअरशेवा येथे आमच्या शेजारी एक मावशी राहतात. वय वर्षे ७६. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. नातू सैन्यात असताना त्यांनी एलियाहू हन्नाबीला नवस बोलला होता, की पोरगा सुखरूप घरी आला म्हणजे हैफाच्या गुहेत येऊन मेणबत्त्या लावीन. नातू सुखरूप आला. नवस मात्र दोन वर्षे तसाच राहिला. पहिल्या वर्षी तू बिश्वातच्या सुमारास निघणारी बस पुरेशी माणसे न जमल्यामुळे रद्द झाली. दुसऱ्या वर्षी मुलगा नेणार होता, तर ऐन वेळी त्याला मिलुइमचे बोलावणे आले. त्यानंतर सुनेची नोकरी, धाकट्याच्या परीक्षा, मोटारीची दुरुस्ती, असे एकामागून एक निघत गेले. मुलगा गुणी आहे. त्याच्या मनात खोट नाही. त्याच्यापाशी मोकळा दिवस नाही, एवढेच.

एके संध्याकाळी मावशी मला म्हणाल्या, “भाऊ, देवाचे देणे अंगावर ठेवून झोप लागत नाही हो. अठरा वर्षांची होते तेव्हा रेवसहून लाँचने एकटी भाऊच्या धक्क्यावर उतरत होते. आता हैफाला जायला मला कोणाची तरी रजा लागते!”

त्यांचे बोलणे मला लागले. १९६७ साली अलिबागजवळच्या खेड्यातून एस.टी.ने रेवस, तेथून लाँचने मुंबई, हातात एक ट्रंक, आणि परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी अनोळखी शहर, असा प्रवास या बाईंनी केला होता. पुढे १९७२ साली त्या या देशात आल्या, तेव्हा हिब्रूचे एक अक्षर येत नव्हते. अशा कहाण्या आपल्या घराघरांत आहेत. कोकणातली गावे आणि मुंबईच्या चाळी सोडून नेगेवच्या वाळूत संसार थाटणारी ही पिढी भित्री कधीच नव्हती. मग तिच्या पायात हा अडसर कोणी घातला? आपल्याच मायेने घातला, असे मला वाटते. ‘आई, तू कशाला त्रास घेतेस, मी नेतो ना’ हे वाक्य प्रेमाचेच आहे. परंतु वीस वर्षे रोज ऐकल्यावर आईला खरोखरच वाटू लागते, की आपल्याच्याने आता काही होणार नाही.

आम्ही दोघांनी बसून कागदावर बेत आखला. तो येथे सविस्तर देतो, कारण एकट्याच्या प्रवासात धाडसापेक्षा बेताचे महत्त्व अधिक असते.

ठिकाण ठरलेलेच होते. म्हणून प्रथम वार ठरविले. या देशात शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत आगगाड्या आणि बहुतेक बसगाड्या बंद असतात, हे आपण सारे जाणतोच. परंतु रविवारी सकाळी तळावर परतणाऱ्या आणि गुरुवारी दुपारी घरी निघालेल्या सैनिकांनी गाड्या किती भरतात, हे मोटारीने फिरणाऱ्यांच्या लक्षात नसते. तेव्हा सोमवारी सकाळची कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर निघावे आणि गुरुवारी सकाळीच परतावे, असे ठरले. शुक्रवार हा प्रवासाचा दिवस मानलाच नाही. गाडी चुकली, मार्ग बंद पडला, तर तो हाताशी असावा म्हणून राखून ठेवला. पेसाह आणि सुक्कोथ यांच्या मधल्या दिवसांतील झुंबडही टाळली. सण आटोपल्यानंतरचा हेश्वान महिना त्यांनी निवडला; हवा बरी आणि गर्दी कमी.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. तीन रात्री, परंतु मुक्काम एकच. रोज नवे गाव, रोज सामान बांधणे, हा तरुणांचा खेळ आहे. हैफाहून अक्को आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर. तेव्हा हैफाला बिऱ्हाड ठेवून दिवसाचे फिरणे करावे. युवा वसतिगृह संस्थेच्या नावात युवा असले तरी तेथे सर्व वयांच्या माणसांना खोली मिळते, स्वयंपाकघर काशेर असते आणि सकाळची न्याहारी भरपूर असते. हॉटेलांपुरते बोलायचे तर एकट्या माणसाला खोली सहसा दोघांच्या भावाने घ्यावी लागते. हा एकटेपणाचा दंडच आहे. म्हणून मधल्या वारी आणि सणांव्यतिरिक्तच्या काळात, आधी चौकशी करून खोली घ्यावी.

तिसरी गोष्ट तिकिटाची. राव-काव कार्ड एकच, ते बसला चालते, आगगाडीलाही चालते. बसचालक आता सहसा रोख पैसे घेत नाहीत, हे मोटारीत बसून वर्षे काढलेल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. ज्येष्ठ नागरिक म्हणून नोंद असलेले फोटोचे कार्ड काढून घ्यावे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ सालापासून सार्वजनिक वाहनांतून विनामूल्य प्रवास करता येतो. त्याहून लहान ज्येष्ठांनी आपल्याला लागू असलेली सवलत कार्ड काढतानाच विचारून घ्यावी. प्रवास विनामूल्य असला तरी बसमध्ये चढताना कार्ड टेकवावे लागते. आगगाडीच्या स्थानकात शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवावे लागते. आमच्या मावशींच्या कपाटात हे कार्ड तीन वर्षे कोरे पडून होते! सरकारने दिलेला हक्क आपण असा कपाटात ठेवतो.

रुळांच्या कामासाठी रेल्वेचे काही मार्ग अधूनमधून बंद असतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तारांकित ५७७० या क्रमांकावर चौकशी करावी, अथवा नातवंडांना मोबाईलवर पाहावयास सांगावे. येथे नातवंडांचा खरा उपयोग आहे. आजीला घेऊन जाणे त्यांना जमले नाही, तरी तिला मोबाईलवर बसची वेळ पाहावयास शिकविणे जमते, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते.

चौथी गोष्ट भाषेची. आपली वडील मंडळी हिब्रू बोलतात ती कामापुरती, वाचताना अडखळतात. त्यावर उपाय सोपा आहे. एका जाड कागदावर प्रत्येक ठिकाणाचे नाव मोठ्या हिब्रू अक्षरांत लिहावे आणि त्याखाली मराठीत उच्चार लिहावा. चालकाला कागद दाखविला की काम होते. मावशींनी असे सहा कागद पर्समध्ये ठेवले. त्याबरोबर औषधांची यादी, ओळखपत्र, मुलाचा क्रमांक, आणि डब्यात चपात्या व बटाट्याची कोरडी भाजी.

सोमवारी दुपारी त्या हैफाला पोहोचल्या. बेअरशेवाहून थेट गाडीने साधारण अडीच तासांचा प्रवास. खिडकीची जागा मिळाली. पुढे मात्र घोटाळा झाला. वसतिगृहातून निघताना त्यांनी कोणाला तरी इंग्रजीत एलियाहूची गुहा विचारली आणि त्या भल्या माणसाने त्यांना कार्मेल डोंगराच्या माथ्यावरील स्टेला मारिस मठाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसविले. तो ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे आणि त्यांच्याही प्रार्थनामंदिरात एलियाहूची म्हणून एक गुहा दाखवितात. आपण ज्या गुहेला जातो ती डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राच्या बाजूला आहे. तिला हिब्रूत मेआरात एलियाहू म्हणतात. मावशी मठाच्या दाराशी उभ्या राहिल्या, क्रूस पाहिला आणि उमगल्या. थोडा वेळ घाबरल्या, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले. मग बाकावर बसून पाणी प्यायल्या, पर्समधून कागद काढला आणि एका मोनितवाल्याला दाखविला. काही मिनिटांत त्या पायथ्याशी पोहोचल्या. तेथून पायऱ्या चढून जावे लागते. त्या सावकाश चढल्या.

मुलाच्या मोटारीतून गेल्या असत्या तर हा घोटाळा झाला नसता, हे खरे. पण आपली चूक आपणच निस्तरली, हे समाधानही मिळाले नसते. फोनवर त्यांनी मुलाला पहिली गोष्ट सांगितली ती गुहेची नव्हे, मोनितवाल्याची!

मंगळवारी अक्को. जुने शहर, तटबंदी, क्रूसेडरांच्या काळातील दालने, बंदर. युनेस्कोने २००१ साली हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नव्या शहरात ट्युनिशियाच्या यहुद्यांचे ओर तोरा सिनेगॉग आहे. त्याच्या भिंती आणि छत रंगीत खड्यांच्या चित्रांनी मढविलेले आहेत. मावशी तेथे तासभर बसल्या. समाजाच्या सहलीत तासभर कोणी बसू देत नाही. पुढच्या ठिकाणी बस निघावयाची असते.

बुधवारी सामुदायिक सहल. आता येथे माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. सामुदायिक सहलीला मी विरोध करीत नाही. तिचा उपयोग कोठे करावा, एवढेच सांगतो. हैफाहून स्फातला बस जाते, तबेरियालाही जाते. परंतु स्फात, मेरोन आणि तबेरिया ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात बसने करावयाची म्हटली तर अर्धा दिवस थांब्यांवर उभे राहण्यातच जाईल. कार्मेलवरील मुहरका घ्या. एलियाहूने बाअलच्या पुरोहितांसमोर वेदी उभारली ती जागा हीच, असे परंपरा मानते. बस दालियतच्या द्रूझ गावापर्यंत जाते. पुढचे काही किलोमीटर पायी अथवा मोनितने जावे लागते. अशा ठिकाणी एक दिवसाची तयार सहल घेणे शहाणपणाचे. दारापासून दारापर्यंत वाहन, सोबत वाटाड्या, आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या खोलीवर. उलट पाचसहा दिवसांच्या सामुदायिक सहलीत एकट्या माणसाला खोलीचे जादा पैसे भरावे लागतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या शिट्टीवर चालावे लागते.

सहलीचे पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत. वाटाड्या कोणत्या भाषेत बोलणार? चालणे किती, चढ किती, पायऱ्या किती? स्वच्छतागृहासाठी किती वेळा थांबणार? जेवण धरलेले आहे काय, आणि ते काशेर आहे काय? प्रवेशाचे पैसे वेगळे आहेत काय? माणसे कमी जमली तर सहल रद्द होणार काय, आणि झाल्यास पैसे केव्हा परत मिळणार? आपण राहतो त्या गावातून प्रवासी घेतात, की तेल अवीवलाच जावे लागते? शेवटचा प्रश्न विसरल्यामुळे पुष्कळांची फजिती होते. समोरचा माणूस या प्रश्नांना कंटाळला, तर ती सहल घेऊ नये.

मावशींच्या सहलीतील वाटाड्या भरभर हिब्रू बोलत होता. अर्धे त्यांना कळले नाही. पण शेजारच्या जागेवर मोरोक्कोहून आलेली एक बाई होती, त्यांच्याच वयाची, विधवा आणि एकटीच निघालेली. डब्यातली भाजी तिलाही आवडली. तबेरियाला रम्बामच्या कबरीपाशी दोघी बराच वेळ उभ्या होत्या. ज्या रम्बामने आपल्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला आहे, त्याच्या कबरीपाशी हिंदुस्थानातून आलेली एक बाई स्वतःच्या पायांनी येऊन उभी राहिली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. त्या दोघींचे फोन अजून चालू आहेत. समाजाच्या बसमध्ये आपल्याला आपलीच माणसे भेटतात. त्यात आनंद आहेच. परंतु पन्नास वर्षे या देशात राहून शेजारच्या समाजातील एकही मैत्रीण नसावी, हेही बरे नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर उत्तर सीमेवरील गावे दीर्घकाळ रिकामी करावी लागली. जून २०२५ मध्ये मोठ्या शहरांनीही क्षेपणास्त्रांच्या रात्री पाहिल्या. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी पिकुद हाओरेफच्या सूचना पाहाव्यात, मुक्कामी पोहोचताच निवाऱ्याची खोली कोठे आहे ते विचारावे, आणि परिस्थिती बरी नसेल तर बेत खुशाल पुढे ढकलावा. परंतु ही काळजी मोटारीने जाणाऱ्यालाही तितकीच घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप असा, की आपला समाज एकत्र राहिला म्हणून टिकला. हे शंभर टक्के खरे आहे. आपल्या लग्नसंबंधांवर शंका घेतली गेली, तेव्हा १९६४ साली आपली माणसे एकजुटीने येरुशलेमला जाऊन बसली, म्हणूनच क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला. एकटादुकटा माणूस ते करू शकला नसता. परंतु जे काम सर्वांनी मिळून करावयाचे ते आणि जे एकट्याने करता येते ते, यांत फरक करावा. मावशींनी तो बरोबर केला. मेणबत्त्या त्यांनी एकट्याने लावल्या. मालिदा मात्र घरी परतल्यावर, मुले, सुना, शेजारी अशा सर्वांना बोलावून केला. त्या मालिद्याला गुहेहून आलेल्या बाईचा मान होता. पूर्वी त्याच पाहुण्यांत त्या ‘बिचारी मावशी’ होत्या.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे बोलत नाही, पण खरा अडथळा तोच आहे. मावशींचा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, लोक काय म्हणतील? मुलगा असून आई बसने हिंडते!” मी त्याला म्हणालो, “बाबा, लोक दोन वर्षे काही म्हणाले नाहीत, तेव्हा तुझी आई खिडकीत बसून होती.” तो गप्प राहिला. मला त्याला दुखवावयाचे नव्हते. जाताना त्याने आईला स्थानकावर सोडले आणि येताना आणावयास गेला. मधले तीन दिवस मात्र त्याने तिच्यापाशी सोडले. मुलांकडून याहून अधिक काही मागू नये आणि मुलांनी याहून कमी काही देऊ नये.

दिमोना, येरुहाम येथील वाचकांना आधी बेअरशेवापर्यंत यावे लागेल. लोदकरांना तर रेल्वेचे जंक्शन दाराशीच आहे. अश्दोद आणि अश्केलोन येथेही स्थानके आहेत. पहिल्या खेपेस हैफापर्यंत जावयाचा धीर होत नसेल, तर सकाळी येरुशलेमला जाऊन कोटेलपाशी प्रार्थना करून संध्याकाळी परत यावे. एक दिवस जमला की तीन दिवस जमतात. ज्यांची प्रकृती खरोखरच साथ देत नाही त्यांनी ओढून ताणून जाऊ नये. त्यांच्यासाठी समाजाची बस आहे आणि ती चालू राहिलीच पाहिजे. जे स्वतः जाऊ शकतात ते गेले, तर त्या बसमध्ये अशा मंडळींना जागाही मिळेल.

शेवटी आपल्या संस्थांच्या चालकांना एक नम्र विनंती. वर्षाला एक मोठी सहल काढता, ते उत्तमच आहे. त्याबरोबर हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी सिनेगॉगच्या दिवाणखान्यात चारदोन तरुणांना बसवावे. त्यांनी वडीलधाऱ्यांची राव-काव कार्डे पाहावीत, सवलत नोंदली आहे की नाही ते सांगावे, आणि हिब्रू अक्षरांत जाड कागद लिहून द्यावेत. खर्च चहाबिस्किटांचा. एवढे झाले तरी पुढच्या वर्षी माझ्या प्रश्नाला चौथे उत्तर देणारी दहापाच माणसे निघतील.

मावशींचा पुढचा बेत ठरला आहे. पेसाहपूर्वी त्या आणि ती मोरोक्कन बाई येरुशलेमला भेटणार आहेत. मुलाला त्यांनी सांगितले आहे, विचारलेले नाही.